सुट्टीतील वाचन व त्याची देवघेव

उन्हाळ्याची सुट्टी हा प्राथमिक शाळेच्या वर्षातील सर्वांत दीर्घ विश्रांतीचा काळ होय. ह्या काळात शिक्षकाने काय वाचावे, ह्याविषयी सूचना पुष्कळ केल्या जातात; परंतु जे वाचन चालू आहे ते दुसऱ्यापर्यंत कसे पोहोचवावे, ह्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या गोष्टीचाच विचार करावयाचा आहे, आणि तोही भामरागड तालुक्यातील शाळा डोळ्यांपुढे ठेवून. ज्या शाळेस कपाटभर पुस्तके आहेत, शेजारी सार्वजनिक वाचनालय आहे आणि घरोघरी वर्तमानपत्र येते, तेथे ही गोष्ट आपोआप घडते. जेथे ह्यांपैकी काहीच नाही, तेथे ती जाणीवपूर्वक घडवून आणावी लागते.

१. प्रश्नाचे स्वरूप

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्या तीन नद्यांच्या संगमाजवळ भामरागड वसलेले आहे. तालुक्यातील बहुसंख्य मुलांच्या घरी माडिया बोलली जाते. माडिया ही गोंडीच्या जवळची, द्रविड कुळातील भाषा. मराठीचे कूळ निराळे. त्यामुळे येथील मूल पहिलीत अक्षरे शिकते तेव्हा ते एकाच वेळी दोन कामे करीत असते. एक लिपी शिकण्याचे, आणि दुसरे परक्या भाषेस कान देण्याचे. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलावर हा दुहेरी भार नसतो.

आता सुट्टीचा विचार करा. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचण्याचे दिवस असतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडावयाची, सावलीत बसून त्यांचे पुडे बांधावयाचे आणि फळीवर नेऊन द्यावयाचे, हे काम सारे घर करते. मुले त्या कामात असतातच. त्यांत वावगे काही नाही. वर्षाची रोकड मिळकत ह्याच दिवसांत हाती येते, आणि रानाविषयी मुलास जे ज्ञान होते तेही ह्याच दिवसांत होते. परंतु विदर्भातील शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. तोवर मुलाच्या कानावर मराठी पडलेली नसते आणि डोळ्यांपुढे छापील अक्षर आलेले नसते. दुसरीत नुकतेच शब्द लावू लागलेले मूल तिसरीच्या वर्गात येऊन बसते, तेव्हा पुन्हा अक्षराअक्षरावर अडखळू लागते. शिक्षक पहिला महिना मागचेच शिकवितो. जे मूल असे दोनतीन वेळा मागे पडते, ते मनातल्या मनात ठरवून टाकते, की हे आपले काम नव्हे. शाळेत नाव असूनही शाळा सुटते ती अशी.

सुट्टीतील ही घसरण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ह्या विषयावरील ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुट्टीनंतर मुलांची प्रगती सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जाते, आणि वाचनाच्या बाबतीत गरीब घरच्या मुलांचे नुकसान अधिक होते, असे त्यांस आढळले. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन व ॲन मॅकगिल-फ्रान्झेन ह्या अभ्यासकांनी फ्लोरिडा राज्यातील १७ शाळांत एक साधा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतील मुलांस सलग तीन उन्हाळे दर वेळी १२ पुस्तके घरी नेण्यास दिली. पुस्तके मुलांनी स्वतः निवडावयाची, एवढाच नियम. शिकवणी नाही, चाचणी नाही. तरीही पुस्तके न मिळालेल्या मुलांहून ह्या मुलांचे वाचन सरस ठरले.

हा प्रयोग आपणांस मार्गदर्शक आहे. परंतु तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. त्या मुलांच्या अवतीभोवती पुस्तकातील भाषा बोलली जात होती. आपल्या मुलाच्या हाती नुसते पुस्तक दिले, तर ते चित्रे पाहील आणि ठेवून देईल. त्यास पुस्तकाबरोबर पुस्तकाविषयी बोलणारे माणूस हवे. म्हणून येथे पुस्तक देणे ही अर्धी गोष्ट, आणि वाचनाची देवघेव ही उरलेली अर्धी गोष्ट होय.

२. शिक्षकाची बाजू

मुलांइतकाच हा प्रश्न शिक्षकांचाही आहे. आपल्याकडील अनेक शाळा एकशिक्षकी वा द्विशिक्षकी आहेत. लाहेरीच्या पुढे, कोठीकडे किंवा नेलगुंड्याच्या बाजूस काम करणाऱ्या शिक्षकास वाचलेल्या गोष्टीविषयी बोलावयास समव्यवसायी माणूस महिनोन्‌महिने भेटत नाही. पावसाळ्यात नदीनाल्यांस पूर आला, की कित्येक गावांचा तालुक्याशी संबंध तुटतो. अशा एकांतात वाचनाची सवय हळूहळू सुटते. प्रथम पुस्तक बाजूस पडते, मग वर्तमानपत्र, आणि अखेरीस पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे छापील पान दिसेनासे होते. जो शिक्षक स्वतः वाचीत नाही, त्याने मुलांस ‘वाचा’ म्हणून सांगितल्यास मुले आज्ञा ऐकतात. परंतु वाचन करीत असलेले माणूस त्यांनी कधी पाहिलेले नसते.

३. आपली परंपरा

वाचन चालू असतानाच ते इतरांस सांगावयाचे, ही पद्धत महाराष्ट्रास नवीन नाही. चातुर्मासात गावोगावी पोथी लागत असे, आणि आजही अनेक ठिकाणी लागते. श्रीधरकवींचा हरिविजय किंवा पांडवप्रताप घ्यावयाचा. एकाने वाचावयाचे, दुसऱ्याने अर्थ सांगावयाचा, आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता शंका काढावयाच्या. ज्यास अक्षर येत नसे, त्यासही पोथी कोठवर आली हे ठाऊक असे. ‘आज कोठवर आली?’ हा प्रश्न विहिरीवर, बांधावर, बाजारात विचारला जाई. ग्रंथ पुरा होण्याची वाट कोणी पाहत नसे.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना तेथील छात्रालयातील विद्यार्थ्यांसाठी हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढीत. छापखाना नाही, पैसा नाही. शिक्षकाच्या मनात आज जे चालले आहे ते आजच मुलांपुढे जावे, एवढीच तळमळ. पुढे १९३३ साली नाशिकच्या कारागृहात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची बांधणी मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक रात्री थोडे सांगावयाचे, आणि उरलेले उद्यावर ठेवावयाचे.

पुस्तके खेड्यापर्यंत नेण्याचे कामही आपल्याकडे फार पूर्वी झालेले आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेले टिकावयाचे तर वाचावयास काही हवे, हे ओळखून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. त्यानंतर बडोद्याहून खेड्याखेड्यांस पेट्यांतून फिरती ग्रंथालये जाऊ लागली. साताऱ्यास १९५९ साली सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेनेही हाच प्रश्न पुढे आणला. साक्षर झालेल्या माणसास वाचावयास न मिळाल्यास त्याची साक्षरता किती दिवस टिकणार? अलीकडे, २००९ साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना निघाली. तिच्यातही पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटागटांत फिरतात.

सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ साली आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, हे सर्वांस माहीत आहे. परंतु त्या गावाने चालविलेला अभ्यासगट तितका परिचित नाही. गावचे लोक आणि बाहेरून आलेले जाणकार एकत्र बसतात. कायदा, जंगल, अर्थव्यवहार ह्यांविषयीची माहिती वाचून दाखविली जाते, विचारली जाते, तपासली जाते. निर्णय मात्र तेथे होत नाही; तो ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. अभ्यासगटात कोणासही जिंकावयाचे वा हरावयाचे नसल्यामुळे प्रत्येकजण मोकळेपणाने शंका विचारू शकतो. वाचनाच्या देवघेवीस नेमकी अशीच बैठक हवी.

४. अर्धे वाचलेले पुस्तक

देवघेव म्हणजे पुस्तकपरीक्षण नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पुरे झालेल्या पुस्तकाविषयी बोलावयास सांगितले, की बोलणारा सारांश सांगू लागतो. सारांश ऐकून ऐकणाऱ्याची जिज्ञासा शमते, आणि तो पुस्तक हाती घेत नाही. शिवाय सारांश सांगताना चुकण्याची भीती वाटते. ती परीक्षेसारखी वाटू लागते. उलट, जे पुस्तक अर्धे वाचून झाले आहे त्याविषयी बोलताना बोलणारा आणि ऐकणारा एकाच वाटेवर उभे असतात. पुढे काय आहे हे दोघांसही ठाऊक नसते.

ह्यासाठी तीन गोष्टींची लहानशी चिठ्ठी पुरेशी आहे. कोठवर आलो, तेथे काय दिसले, आणि काय अडले. उदाहरणार्थ, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचणारा शिक्षक आपल्या सहकाऱ्यास असे लिहील: “गावात तालीम बांधावयाचे ठरले आहे, तेथवर आलो. मुले मेंढरांमागे जातात म्हणून आरंभी शाळेत कोणी येत नाही. आपल्याकडे मोहाच्या दिवसांत होते तेच. मास्तराने शाळेबाहेरच्या कामात इतके गुंतावे काय, हे मात्र उमगत नाही. तुमचे मत कळवा.” अशी चिठ्ठी लिहावयास पाच मिनिटे लागतात. परंतु ती ज्यास मिळते, तो पुस्तक मागविल्यावाचून राहत नाही. आणि ज्याने लिहिली त्यासही उत्तर येण्यापूर्वी पुढील प्रकरण वाचून काढावेसे वाटते.

५. काय वाचावे

निवड ज्याची त्याने करावी. तरीही आपल्या कामाशी जवळीक असलेली काही पुस्तके येथे सुचविता येतील. ‘बनगरवाडी’चा उल्लेख वर आलाच आहे, परक्या वस्तीत आलेल्या तरुण शिक्षकाची ती कथा आहे. गिजुभाई बधेका ह्यांच्या मूळ गुजराती ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक वर्गाचा आरंभ गोष्टी सांगण्याने करतो, आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून मुलांचे लहानसे वाचनालय उभे करतो. अनुताई वाघ ह्यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’मध्ये आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे अनुभव आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई ह्यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येत नसेल, तर मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हा तिचा अर्थ सुट्टीच्या दिवसांत विशेष पटण्यासारखा आहे.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यामहिन्याने वाचावे. चैत्र-वैशाखातील झाडांची पालवी आपल्या दारातच पडताळून पाहता येते. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी होते. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. रानातील माणसांस गुरू मानून त्यांनी पक्षी, प्राणी आणि वृक्ष ह्यांविषयी लिहिले, आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. त्यांचे ‘रानवाटा’ वाचताना एक गोष्ट पटते, ती अशी की आपल्या वर्गातील मुलांच्या घरी ज्ञानाचा तुटवडा नाही. भामरागडविषयीच वाचावयाचे असेल, तर डॉ. प्रकाश आमटे ह्यांचे ‘प्रकाशवाटा’ आहे. हेमलकशास २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांस प्रथम माडिया भाषा शिकावी लागली, ही गोष्ट प्रत्येक नवागत शिक्षकाने ध्यानी ठेवावी. मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ हे मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक संकेतस्थळावरून विनामूल्य घेता येतात. तालुक्याच्या ठिकाणी आल्यावर ते उतरवून घेऊन ठेवावेत.

६. प्रत्यक्ष योजना

(अ) सुट्टीपूर्वी. शाळा बंद होण्याच्या आठवड्यात मुलांस कपाटापुढे बसवावे, आणि प्रत्येकास स्वतःच्या पसंतीची पुस्तके निवडू द्यावी. सोपे पुस्तक निवडले म्हणून हिणवू नये. निवडलेली पुस्तके झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत घालावी. वाळवी, उंदीर आणि वळवाचा पाऊस ह्यांपासून तीच टिकते. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकावा.

(आ) पेटी कोणाकडे? बहुतेक शिक्षक सुट्टीत आपल्या गावी जातात, आणि त्यांनी जावे. परंतु त्याच वेळी आश्रमशाळांच्या वसतिगृहांतील मोठी मुले-मुली आपल्या गावी परततात. सातवी-आठवीतील अशी एक मुलगी पेटीची धनीण झाली, तर प्रश्न पुष्कळसा सुटतो. तिला मराठी वाचता येते आणि ती माडियात सांगू शकते. हे काम करण्यास बाहेरच्या शिक्षकापेक्षाही ती अधिक लायक आहे. सायंकाळी काम आटोपल्यावर अंगणात बसून तिने चार पाने मराठीत वाचावी, माडियात सांगावी आणि तेथेच थांबावे. उरलेले उद्या. बैठक गोटुलात भरवावयाची असल्यास गावातील वडीलधाऱ्यांची संमती प्रथम घ्यावी. ती जागा गावाची आहे, शाळेची नव्हे.

(इ) देणे तसेच घेणे. देवघेव एका बाजूने होत नाही. मुलांनी पुस्तक ऐकले, तर त्या रात्री एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपली गोष्ट सांगावी. ज्या मुलास लिहिता येते त्याने तिच्यातील चार शब्द, चार नावे देवनागरीत उतरवून पेटीत टाकावी. जूनमध्ये शिक्षक परत येईल तेव्हा त्या पेटीत त्याच्या वाचनासाठीही काही असेल. पाखरांची, झाडांची, मासळीची ती माडिया नावे वर्गाच्या भिंतीवर लावावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. त्याचा आरंभ अशा चिठ्ठीपासून होऊ शकतो.

(ई) शिक्षकांची आपसांतील देवघेव. एका केंद्रातील पाचसहा शिक्षकांनी सुट्टीपूर्वी प्रत्येकी एक पुस्तक निवडून परस्परांस सांगून ठेवावे. सुट्टीत पंधरवड्यातून एकदा तीन गोष्टींची चिठ्ठी पाठवावी. जेथे भ्रमणध्वनी चालतो तेथे आवाजाने, जेथे चालत नाही तेथे बाजारास जाणाऱ्या माणसाच्या हाती. शाळा उघडल्यावर केंद्राच्या पहिल्या बैठकीत अर्धा तास ह्यासाठी राखावा, आणि तेथेच पुस्तकांची अदलाबदल करावी. पूर येण्यापूर्वी प्रत्येकाच्या शाळेत नवे पुस्तक पोहोचले पाहिजे.

(उ) शाळा उघडल्यावर. पहिल्या दिवशी मुलांस ‘काय वाचले?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर बहुधा मौन असते. शिक्षकाने प्रथम आपण काय वाचीत आहो ते सांगावे. पुस्तक दाखवावे, खुणेचे पान दाखवावे, आणि कोठे अडलो तेही सांगावे. मास्तरही अडतात, हे कळल्यावर मुलांची तोंडे उघडतात. त्यांनी माडियात उत्तर दिले, तरी ते उत्तरच आहे.

७. काही अडचणी

पुस्तके हरवतील, फाटतील, ही भीती सर्वांत मोठी आहे. तिच्यापायी कित्येक शाळांतील पुस्तके कोरी राहतात आणि कपाटातच वाळवीच्या मुखी पडतात. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे असे सांगितले आहे. ते मोजून दाखविण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी. वापराने फाटलेल्या पुस्तकाबद्दल मुलाकडून भरपाई घेऊ नये. खळ लावून पान चिकटविण्याचे काम मात्र त्याच्याकडूनच करून घ्यावे.

दुसरी अडचण नोंदींची. ह्या उपक्रमास गुण, श्रेणी अथवा मासिक अहवाल जोडू नये. एक वही पुरे: पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, परत आल्याची खूण. त्याहून अधिक रकाने आखले, की वाचन मागे पडते आणि रकाने भरणे पुढे येते. हे शिक्षकांस अधिक विस्ताराने सांगावयास नको.

तिसरी अडचण अशी, की आरंभी प्रतिसाद अल्प मिळेल. पहिल्या उन्हाळ्यात वीस मुलांपैकी तीनचारच पेटीजवळ येतील. तेवढ्यावर ते वर्ष यशस्वी मानावे. पोथीसही पहिल्या दिवशी चारच माणसे बसतात.

८. समारोप

जुलै-ऑगस्टात पूर येतो, वाट बंद होते, आणि एखाद्या गावी एक शिक्षक व पंधरावीस मुले एवढीच शाळा उरते. त्या दिवसांत वरून येणारी कोणतीही योजना त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. उन्हाळ्यात जे पेटीत आणि मनात साठविले असेल, त्यावरच ती शाळा चालते. म्हणून पावसाळ्याची बेगमी करताना ज्याप्रमाणे घरात तांदूळ आणि मीठ भरले जाते, त्याप्रमाणे शाळेत पुस्तके आणि त्यांविषयीच्या गोष्टी भरून ठेवाव्यात. शिक्षक बंधुभगिनींनी ह्या सुट्टीत एक पुस्तक हाती घ्यावे, ते अर्धे झाल्याबरोबर एका सहकाऱ्यास तीन गोष्टींची चिठ्ठी लिहावी, आणि शाळा उघडताच त्याच पुस्तकाचे खुणेचे पान मुलांपुढे उघडावे.